गवताचं पाणी

सोमवारी प्रॅक्टिकल असलं की
गुरुवारीच मी डुक्कर खिंडीजवळच्या गोठ्यावर जायचो,
मूठभर वाळलं गवत मागायला.
गोठेवाला रखमाजी विचारायचा, म्हैस पाळलीय काय कॉलेजात?
मी म्हणायचो, पाळलीय, पण फार बारीक आहे.

मग म्हात्रे पुलाखाली उतरून बरणीभर नदी.
नळाचं पाणी चालत नाही, औषध मारलेलं असतं.
इतक्या स्वच्छतेत कुणी राहत नाही, हे मी तिथं शिकलो.

तिसऱ्या दिवशी पाण्यावर साय धरायची,
ओल्या गोणपाटाचा वास सुटायचा
आणि पेंढारकर मॅडम दारातूनच विचारायच्या,
"शेडगेमामा, आले का?"
पाहुणे स्वारगेटला उतरायचे असावेत तसं.

आले, मॅडम.

एक थेंब. त्यात कापसाचे चार धागे,
नाहीतर पॅरामेशियम ठरत नाही काचेवर.
चपलेच्या तळव्याएवढाही नाही, पण आकार तोच,
अंगभर केसांची वल्ही.
आपटला की मागे, जरासा वळून पुन्हा पुढे,
लक्ष्मी रोडवर स्कूटरला जागा शोधावी तसा.

अमीबाला घाई नाही.
अंगातूनच पाय काढतो,
काम झालं की पाय परत अंगात.
तोंड नाही, पण उपाशी राहत नाही.

दहावी नापास मी. भिंगातून डोळा काढून विचारलं,
यांच्यात आणि जंतूंत फरक काय?
मॅडम म्हणाल्या, जंतूंचा सगळा संसार उघड्यावर,
यांच्याकडे केंद्रक असतं, पडद्याआड, आपल्यासारखं.
एकाच खोलीचं घर, पण देवघर वेगळं.

आंबिल ओढा घरात शिरला त्या रात्री
मी आणि रुक्मिण पातेल्यानं पाणी उपसत होतो.
आतलं बाहेर, आतलं बाहेर.
पहाटे तीनला मला ती पिशवी आठवली,
अमीबाच्या पोटातली,
भरते, आक्रसते, रिकामी होते, पुन्हा भरते.
ती थांबली तर तो फुटेल.
रुक्मिणीला सांगितलं असतं
तर पातेलं डोक्यात घातलं असतं तिनं.

नंतर मदतीचा फॉर्म आला.
मालक की भाडेकरू?
खोली मेव्हण्याच्या नावावर, वीजबिल माझ्या,
भाडं कुणीच कुणाला देत नव्हतं.
मी पेन उचलून बसलो.
आमच्या स्टॉकबुकातही हेच झालेलं, युग्लीनाच्या ओळीला:
वनस्पती की प्राणी?
उन्हात हिरवा, आपला स्वयंपाक आपण करतो,
अंधारात ठेवा, मिळेल ते शोषतो,
आणि पुढं शेपटी लावून पोहतो.
मॅडम हसल्या होत्या. म्हणाल्या,
ज्यांचं झाडांत, प्राण्यांत, बुरशीत कुठं जमलं नाही
त्यांची ही चाळ, मामा.
शेजारी आहेत. नातलग असतीलच असं नाही.

सगळेच काही गरीब नाहीत.
धाकट्याला थंडी वाजून आली तेव्हा
लॅबवाल्यानं मला स्लाइड दाखवली, ओळखीचा म्हणून.
लाल पेशीत एक नाजूक अंगठी.
मी इतकी वर्षं त्यांना पाहुणे म्हणत होतो.

आणि तो एकाचे दोन होतो ते तासभर बघितलंय मी.
कंबरेत बारीक, आणखी बारीक, मग सुटतो.
आई कुठली, लेक कुठला?
प्रेत नाही, तेरावा नाही,
जुना कुठं गेला विचारायला जागाच नाही.

आता तयार स्लाइडी येतात, गुलाबी रंगवलेल्या.
धागे नकोत, ठरलेलेच असतात.
शेवटच्या दिवशी बरणी बेसिनमध्ये ओतायला सांगितली.
ओतली.
हा नळही पुढं नदीलाच जातो.

गवताची जुडी मात्र घरी आणली, पेपरात गुंडाळून.
माळ्यावर आहे. रुक्मिण दिवाळीला म्हणते, टाका तो कचरा.
कसं सांगू, वाळलं म्हणजे मेलं नाही,
काहीजण अंगाभोवती कवच करून तसेच पडून असतात
वर्षानुवर्षं, पाण्याची वाट बघत.
म्हटलं, असू दे.
रखमाजीचा गोठाही आता राहिला नाही.